मुटकुळे करून बसणारा अजगर

२० डिसेंबर २०२३ रोजी बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाचे सामान महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी उघडून पाहिले. आत बिस्किटांचे आणि केकचे पुडे होते, आणि त्या पुड्यांत साप होते. एकूण अकरा. त्यांपैकी नऊ साप एका लहान आफ्रिकी अजगराच्या जातीचे होते. ही बातमी वाचून आमचे एक वृद्ध स्नेही आम्हांला म्हणाले, "अहो, अजगर म्हणता आणि बिस्किटाच्या पुड्यात म्हणता! मावलाच कसा?"

प्रश्न साधा आहे, पण तो विचारण्याजोगा आहे. किंबहुना, त्याचे नीट उत्तर द्यायचे तर या प्राण्याची सारी कथाच सांगावी लागते. हा साप बिस्किटाच्या पुड्यात मावतो त्याचे कारण त्याच्या अंगच्या एका सवयीत आहे. त्या सवयीने त्याचे वंशच्या वंश राखले, आणि आता तीच सवय त्याच्या मुळावर येऊ पाहत आहे. ही गोष्ट कशी घडली ते सांगण्याचा येथे आमचा विचार आहे.

अजगर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो शेळीला वेढे घालून गिळणारा, मांडीएवढ्या जाडीचा, जंगलात ओंडक्यासारखा पडलेला प्राणी. आपल्याकडील अजगर दहा फुटांच्या आसपास सहज वाढतो; आफ्रिकेतील मोठा अजगर त्याहूनही लांब होतो. परंतु अजगरांच्या घराण्यात सगळेच थोराड नाहीत. पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगलपासून घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया, कॅमेरून असा पूर्वेकडे थेट सुदान आणि युगांडापर्यंतचा जो गवताळ व विरळ झाडीचा पट्टा आहे, त्यात या घराण्यातील एक धाकटे भावंड राहते. पूर्ण वाढलेला हा साप तीन ते पाच फुटांचा. सहा फूट म्हणजे कमाल झाली. नरापेक्षा मादी मोठी. अंग भरदार, मान बारीक, डोके त्या मानाने लहान, खवले गुळगुळीत. काळसर तपकिरी अंगावर फिकट सोनेरी, वेडेवाकडे ठिपके, आणि पोट पांढरे. इंग्लंडात याला 'रॉयल पायथन' म्हणतात, आणि १८०२ साली मिळालेल्या 'रेजियस' या शास्त्रीय नावाचा अर्थही 'राजाचा' असाच आहे. अमेरिकेत मात्र त्याचे नाव 'बॉल पायथन' असे पडले. आम्ही येथे त्याला चेंडू-अजगर म्हणू. कारण या नावात त्याचा स्वभाव आला आहे.

हा साप विषारी नाही. पळण्यात तो चपळ नाही. नागासारखा फणा त्याच्यापाशी नाही, घोणशीसारखा दरारा बसवणारा फूत्कारही फारसा नाही. मग संकट आले असता त्याने करावे काय? तो आपल्या अंगाचे मुटकुळे करतो. डोके आधी आत घेतो आणि त्याभोवती शरीराचे वेढे इतके घट्ट आवळतो की शेवटी उरतो तो एक चेंडू. हा चेंडू जमिनीवरून अक्षरशः घरंगळत नेता येतो. कासवाने अंग आवरून घ्यावे तसाच हा प्रकार. फरक एवढाच की कासवाला पाठीवर ढाल जन्मतः मिळालेली असते, या बिचाऱ्याला आपल्याच देहाची ढाल करावी लागते. सापाचे मर्मस्थान म्हणजे डोके. ते एकदा मध्यभागी दडले की मुंगसाने, रानमांजराने किंवा एखाद्या शिकारी पक्ष्याने दात वा चोच मारावी कोठे, हा प्रश्न पडतो. शत्रू कंटाळून निघून जाईपर्यंत तो तसाच राहतो. चावण्याकडे त्याचा कल फार कमी. या सोशिकपणाला कोणी भित्रेपणा म्हणेल. परंतु ज्या युक्तीने इतक्या पिढ्या तगल्या, तिला भित्रेपणा म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

त्याच्या राहण्याची तऱ्हाही अशीच, कोणाच्या डोळ्यांवर न येण्याची आहे. 'आयत्या बिळावर नागोबा' ही आपली म्हण जणू याच्यासाठीच झाली असावी. तो स्वतः बीळ खणत नाही. उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांनी खणलेली बिळे आणि वाळव्यांनी उभारलेली वारुळे, ही त्याची घरे. आफ्रिकेच्या त्या प्रदेशात वारुळे माणसाच्या उंचीची आणि त्याहूनही मोठी असतात. बाहेर ऊन भाजून काढत असताना आत थंडावा आणि ओल टिकून राहते. दिवसभर हा साप तेथे पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. आपल्याकडे वारूळ आणि साप यांची सांगड घालून आपण नागपंचमीस वारुळाची पूजा करतो. त्या दूरच्या खंडातील शेतकऱ्यालाही वारुळात साप असणार हे ठाऊक असते. या ज्ञानाचा उपयोग त्याने पुढे कसा केला, ते यथाक्रम येईलच.

रात्रीच्या काळोखात, त्यातही बिळाच्या काळोखात, भक्ष्य दिसावे कसे? येथे निसर्गाने त्याला एक विलक्षण साधन दिले आहे. त्याच्या वरच्या ओठाच्या खवल्यांत लहान लहान खळगे असतात. या खळग्यांना उष्णतेची जाणीव होते. उंदीर कितीही निपचित बसला तरी त्याचे अंग सभोवतालच्या मातीपेक्षा गरम असते, आणि ती ऊब या सापाला दुरून कळते. शिवाय जीभ बाहेर काढून हवेतील वासाचे कण तो टाळूपाशी नेऊन पारखत असतोच. अशा रीतीने ऊब आणि वास यांच्या आधारे तो जागा धरून बसतो. पाठलाग करणे त्याच्या प्रकृतीत नाही. भक्ष्य टप्प्यात आले की एकच झेप, आणि क्षणार्धात वेढे.

अजगर भक्ष्याची हाडे मोडतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. श्वास कोंडून तो प्राण घेतो, ही समजूत त्यामानाने शहाणपणाची. तथापि तीही अपुरी आहे. अजगराप्रमाणेच वेढे घालून मारणाऱ्या अमेरिकेतील बोआ सापावर झालेले जे प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यांत असे दिसून आले की, वेढ्यांच्या दाबाने भक्ष्याच्या शरीरातील रक्ताभिसरणच काही सेकंदांत मंदावते व थांबू लागते. मेंदूला रक्त मिळेनासे झाले की भक्ष्य शुद्ध हरपते. वरून क्रूर दिसणारा हा मृत्यू वस्तुतः फार लांबणारा नसतो.

गिळण्याविषयीही असाच एक गैरसमज आहे. साप जबडा निखळवून गिळतो असे म्हणतात. निखळवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी आपल्यासारखे सांधलेले नसतात. त्यांना जोडणारा बंध ताणला जाणारा असतो. एक बाजू पुढे सरकते, आत वळलेले दात रुततात, मग दुसरी बाजू पुढे सरकते. विहिरीतून दोन हातांनी आळीपाळीने दोर ओढावा, तसे भक्ष्य आत ओढले जाते. एवढे जेवण झाले की आतड्याचे आकारमान वाढते आणि पचन आटोपले की ते पुन्हा आकसते. म्हणजे जेवणावळ असेल त्या दिवशी चूल मोठी पेटवावी आणि एरवी निखारा राखेत झाकून ठेवावा, असा हा संसार आहे. म्हणूनच हा साप महिनोन्महिने अन्नावाचून राहू शकतो.

त्याचे मुख्य अन्न उंदीर आणि तत्सम प्राणी. नायजेरियाच्या आग्नेय भागात झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेही आढळले की, लहान वयाचे साप आणि नर यांच्या आहारात पक्ष्यांचे प्रमाण बरेच असते. नर झाडांवर अधिक चढतात. माद्या व मोठे साप जमिनीवरील सस्तन प्राण्यांवर राहतात. एकाच जातीतील नर-मादींनी आपला स्वयंपाक असा वेगळा मांडावा, हे पाहून मौज वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट ही की, त्याच्या शेतातील उंदीर खाणारा हा एक बिनपगारी राखणदार आहे.

आता या सापाच्या मातृत्वाविषयी. उन्हाळा सरत येतो त्या सुमारास, म्हणजे तेथील फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, मादी बिळात अंडी घालते. ती किती? तीनपासून फार तर अकरापर्यंत, बहुधा सहा-सात. मोठ्या अजगरांच्या माद्या पन्नास-पन्नास अंडी घालतात, त्यापुढे ही संख्या अगदीच तुटपुंजी आहे. ही अंडी एकमेकांना चिकटलेली असतात. मादी त्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि सुमारे दोन महिने, पिल्ले बाहेर पडेपर्यंत, बहुधा अन्न घेत नाही. आपल्याकडील अजगराची मादी अशा वेळी स्नायूंना आचके देऊन अंगात उष्णता निर्माण करते आणि अंडी ऊबदार ठेवते. चेंडू-अजगराची मादी तसे करीत नाही. मग ती इतकी घट्ट का बसते? टोगोतील मादींवर शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांतून याचा उलगडा झाला. अंड्यांचे कवच चामड्यासारखे पातळ. त्यातून पाणी सतत उडून जाते. आईच्या वेढ्यांखाली ते टिकून राहते. आईचे छत्र काढून घेतले तर अंडी सुकतात आणि पिल्ले जगण्याचे प्रमाण घटते. म्हणजे, ऊब देण्यापेक्षा ओल राखणे हे तिचे मोठे काम आहे. ज्या वेढ्यांनी ती भक्ष्य मारते आणि स्वतःचे डोके झाकते, त्याच वेढ्यांनी ती आपली संततीही सांभाळते. पावसाच्या तोंडाशी सव्वा फुटाच्या आतबाहेरची पिल्ले अंडी फोडून निघतात आणि त्याच क्षणापासून आपापल्या वाटेने जातात.

थोडी अंडी, उशिरा येणारे वयातले प्रौढपण आणि दीर्घ आयुष्य, असा या प्राण्याच्या जीवनाचा हिशेब आहे. आयुष्य किती दीर्घ, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतील सेंट लुइस येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ साली या जातीची एक मादी आली. २०२० सालच्या जुलै महिन्यात, वयाची बासष्ट वर्षे उलटल्यावर, तिने सात अंडी घातली. आणि त्यापूर्वी किमान पंधरा वर्षे ती कोणत्याही नराजवळ नव्हती! हे उदाहरण अपवादात्मक खरे. परंतु त्यावरून एवढे ध्यानात यावे की, हा प्राणी उंदरासारखा झपाट्याने वाढणारा आणि झपाट्याने भरून निघणारा नव्हे. त्यातील एक मोठी मादी गेली की ती जागा भरायला वर्षे लागतात.

येथवर निसर्गाची गोष्ट झाली. आता माणसाची.

बेनिन देशाच्या किनाऱ्यावर उइदा नावाचे गाव आहे. तेथे ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या चर्चसमोरच अजगरांचे देऊळ आहे, आणि त्यात याच जातीचे साप पाळले जातात. दांगबे या सर्पदेवतेची ती रूपे. रात्री त्यांना मोकळे सोडण्याची रीत आहे. एखादा साप कोणाच्या घरात शिरला तर घरचे लोक त्याला न दुखवता देवळात आणून सोडतात. बोसमान नावाच्या डच व्यापाऱ्याचा या किनाऱ्यावरील ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की, एका डुकराने देवतेचा साप खाल्ला म्हणून राजाने राज्यातील डुकरे मारण्याची आज्ञा दिली, आणि पुरेसा सूड उगवला असे वाटल्यावरच ती कत्तल थांबली. १७२७ साली दाहोमीच्या राजाने हे राज्य जिंकले. राज्य गेले, पण सापाची पूजा राहिली. पुढे गुलामांच्या जहाजांतून जी माणसे या किनाऱ्यावरून समुद्रापार नेली गेली, त्यांनीही सर्पदेवतेची आठवण सोडली नाही. हैती देशात दांबाला या नावाने सर्पदेवता आजही पुजली जाते.

नायजेरियातील इग्बो लोकांतही अनेक गावी हा साप पूज्य आहे. चुकून मारला गेला तर माणसाप्रमाणे त्याचा दफनविधी करण्याची चाल आहे. चिनुआ अचेबे या थोर कादंबरीकाराच्या १९६४ सालच्या 'अ‍ॅरो ऑफ गॉड' या कादंबरीत एक प्रसंग आहे. देवाच्या पुजाऱ्याचा मुलगा नव्या धर्माच्या आवेशात पवित्र अजगर पकडतो. परंतु त्याला मारण्याचे धैर्य होत नाही, म्हणून तो त्याला पेटीत कोंडून ठेवतो. मारल्याचा दोष नको, आणि साप तर आत गुदमरून मरावा! पेटी हलू लागते आणि सारे घर भयचकित होते. हा प्रसंग आम्हांला पुन्हा पुन्हा आठवतो. कारण आज या सापाचे नशीब पेटीतच बंद झाले आहे.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत घरी साप पाळण्याची हौस वाढली. शांत, लहान, न चावणारा आणि दिसण्यात देखणा असा चेंडू-अजगर त्या हौसेला अगदी सोयीचा ठरला. घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून त्याची निर्यात सुरू झाली. १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेतून बाहेर गेलेल्या जिवंत चेंडू-अजगरांची संख्या तीस लाखांहून अधिक भरते. यांतील बरीच पिल्ले 'पैदास केंद्रां'तून आली असे कागदोपत्री दिसते. परंतु त्या पैदाशीची रीत अशी की, अंडी घालण्याच्या हंगामात गावकरी वारुळे आणि बिळे खणतात, गाभण मादी किंवा वेटोळ्यातली अंडी उचलतात, व्यापाऱ्याला विकतात आणि अंडी केंद्रात उबवली जातात. काही माद्या आणि पिल्ले परत रानात सोडण्याचा प्रघात आहे खरा; पण उकरलेले वारूळ पुन्हा तसे होत नाही. ज्या शेतकऱ्याला सापाची जागा ठाऊक होती, त्याच्या त्या ज्ञानाचे असे चीज झाले. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु कोरड्या हंगामात हाताला दुसरे काम नसलेल्या माणसाने हे चार पैसे सोडावेत, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे?

आणि पकडणे किती सोपे! मोठा साप धरायला जिवाचा धोका पत्करावा लागतो. हा साप धोका दिसताच स्वतःच चेंडू होतो. मुंगसाला जो चेंडू फोडता येत नाही, तो माणसाला पिशवीत टाकता येतो. शत्रू कंटाळून निघून जाईपर्यंत थांबायचे, ही त्याची सारी युक्ती. पण माणूस निघून जात नाही. तो चेंडू उचलून नेतो. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. बिस्किटाच्या पुड्यात अजगर मावतो, कारण भ्यालेला अजगर स्वतःला जितके लहान करता येईल तितके लहान करून घेतो.

हौसेचा आणखीही एक परिणाम झाला. या सापाच्या रंगात एखाद्या जनुकाच्या फरकाने नवेनवे प्रकार निघतात. पांढरे, पिवळे, पट्ट्यांचे, बिनठिपक्यांचे असे शेकडो प्रकार पिंजऱ्यांत पैदा केले गेले, आणि दुर्मिळ रंगाला मोठी किंमत येऊ लागली. त्यांतील 'स्पायडर' नावाच्या प्रकारात अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी सुरेख नक्षी असते. पण ज्या जनुकाने नक्षी येते त्याच जनुकाने अंतःकर्णाची रचनाही बिघडते. असा साप मान हलवत राहतो, कधी उलटापालटा होतो आणि भक्ष्यावरील त्याचा नेम चुकतो. नक्षी विकत घेणाऱ्याने तोलही विकत घेतला, तो बिघडलेला. परदेशी पिंजऱ्यांत आज या जातीचे असंख्य जीव आहेत, म्हणून जात सुरक्षित आहे असे म्हणणारे भेटतात. आम्हांला ते पटत नाही. पिंजऱ्यातला साप शेतातले उंदीर खात नाही. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या व्यापाराला परवान्याचे बंधन आहे. आणि २०२१ साली जागतिक निसर्ग संरक्षण संघाने तिची गणना संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत केली आहे.

हे सर्व दूरचे आहे असे समजून आपण स्वस्थ बसू शकत नाही, हे मुंबईच्या विमानतळावरील पुड्यांनी दाखवून दिले आहे. माल येतो तो मागणी असते म्हणून. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन अशा परदेशी प्राण्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणले गेले, हे योग्यच झाले. परंतु कायदा दाराशी उभा राहतो. मनात शिरणे हे त्याचे काम नव्हे. आपल्या मातीतलाच मांडूळ पाहा. तोही बिनविषारी, तोही शांत, तोही संकटात डोके वेटोळ्यात दडवून शेपटी पुढे करणारा. त्याच्यापासून गुप्तधन मिळते, त्याच्या वजनावर लाखो रुपये मिळतात, असल्या थापांपायी महाराष्ट्रात किती मांडूळ पोत्यांत कोंडले गेले आणि किती भाबडी माणसे ठकली! तेथे हौस आणि येथे हाव. पण पकडला जाणारा प्राणी दोन्हीकडे तोच, जो प्रतिकार करीत नाही तो.

भीतीपायी माणसाने साप मारले, हे आपण सारे जाणतो. भक्तीपायी त्याने काही राखले, हे उइदाच्या देवळात दिसते. परंतु आवडीपायीही प्राण्याचा घात होऊ शकतो, हे आपल्या लवकर ध्यानात येत नाही. उइदाचा गृहस्थ घरात शिरलेला साप उचलतो आणि जेथला तेथे नेऊन सोडतो. त्याच्या देवतेवर आपली श्रद्धा असण्याची गरज नाही. पण ही त्याची रीत शिकण्यासारखी आहे. साप आवडतो ना? मग तो त्याच्या बिळात असू द्यावा. एवढे केले, तर वारुळातल्या त्या मुटकुळ्याला मुंगूस आणि घारीपासून राखण्यास त्याचे तोच समर्थ आहे.